वडिलांची सेंट्रल लाइन मानेत गेली होती. हा निष्काळजीपणा आहे का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर सांगता येईल. वडील ६८ वर्षांचे. लघवीचं इन्फेक्शन अंगभर भिनून सेप्सिस झाला आणि रात्री आयसीयूत बीपी पडलं. दोनच्या सुमारास उजव्या कॉलरबोनखालून सेंट्रल लाइन घातली आणि तिच्यातून नॉरअॅड्रिनलिन हे बीपी वाढवणारं औषध सुरू केलं. सकाळी सहाला एक्स-रे झाला, तेव्हा लाइनचं टोक खाली हृदयाकडे जाण्याऐवजी वर मानेत गेलेलं दिसलं. मग ती काढून मानेच्या उजव्या बाजूने दुसरी घातली. बिलात दोन किट लागले आणि तुमच्या भावाचा डॉक्टरांशी खटका उडाला. वडील आता वॉर्डात आहेत, बोलताहेत, थोडंफार खाताहेत. दुसरी लाइन अजून आहे. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हा निष्काळजीपणा होता का, चार तास ते औषध मेंदूकडे गेलं का, आणि आता कशाकडे लक्ष ठेवायचं.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं आयसीयूत काम करतो. लाइन घालणं, आणि दुसऱ्यांनी घातलेल्या लाइनींचे एक्स-रे बघणं, हे रोजचंच. तुमच्या वडिलांची फिल्म आणि केसपेपर मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निवाडा देत नाही. पण विचार कसा करायचा ते सांगू शकतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लाइन मानेकडे वळली यात मला आक्षेप घेण्यासारखं काही दिसत नाही. आक्षेप असलाच तर तो दोन ते सहा या चार तासांबद्दल असू शकतो, आणि तोही त्या वेळात काय केलं, काय नाही यावर ठरेल. तुमच्या भावाचं भांडण पहिल्या गोष्टीवरून झालं. विचारायला हवं होतं दुसरीबद्दल.

सेंट्रल लाइन म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर लांबीची मऊ नळी. तिचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या जरा वर, सुपिरिअर व्हेना केव्हा नावाच्या मोठ्या शिरेत असावं लागतं. आम्ही तिला एसव्हीसी म्हणतो. तिथे रक्ताचा ओघ मोठा असतो, त्यामुळे जहाल औषध पडता क्षणी पातळ होतं. तेच औषध मनगटावरच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडू शकते.

आता तिथपर्यंत पोचायचा रस्ता. हाताकडून येणारी सबक्लेव्हियन शीर कॉलरबोनच्या मागून जवळजवळ आडवी येते. मानेतून सरळ खाली उतरणारी जुगुलर शीर तिला कॉलरबोनच्या आतल्या टोकामागे, छातीच्या मधल्या हाडाला लागून मिळते. दोघींची मिळून जी शीर होते ती उजवीकडे जेमतेम अडीच सेंटिमीटरची, डावीकडे सहाएक सेंटिमीटरची. उजवी-डावी एकत्र आल्या की एसव्हीसी सुरू होते, आणि ती स्वतःही सातच सेंटिमीटर. म्हणजे वडिलांच्या बाबतीत वायर (नळी जिच्यावरून सरकवतात ती) उजवीकडून आडवी आली आणि तिला एका लहानशा जागेत काटकोनाच्या आसपास खाली वळायचं होतं. तिच्यापुढे वाटा तीन होत्या: खाली एसव्हीसीत, वर मानेत, किंवा सरळ पलीकडे डाव्या बाजूला. उजव्या सबक्लेव्हियनची लाइन चुकते तेव्हा सगळ्यात जास्त वेळा ती त्याच बाजूच्या मानेत जाते. वडिलांची तिथेच गेली.

लाइन घालताना आम्हाला काय दिसतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण बहुतेक नातेवाइकांची समजूत असते की डॉक्टरला नळी आत जाताना दिसते. दिसत नाही. सुई आत जाते, सिरिंजमध्ये काळपट रक्त येतं, सिरिंज काढून सुईतून बारीक लवचीक वायर सरकवतो, सुई काढतो, डायलेटरने वाट रुंद करतो, वायरवरून नळी सरकवतो आणि वायर ओढून घेतो. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर तशीच चालते. यात नळी वायरच्या मागोमाग जाते. वायर चुकली की नळी चुकलीच. आणि वायर आत सरकताना बोटांना जे जाणवतं ते एवढंच, की ती सहज जातेय किंवा अडतेय. मानेतली शीर चांगली रुंद असते, त्यामुळे वर जाणारी वायरसुद्धा लोण्यासारखी सरकते. शेवटी नळीच्या तिन्ही पोर्टमधून, म्हणजे बाहेरच्या तोंडांतून, रक्त ओढून पाहतात, तेही छान येतं. त्यावरून कळतं ते एवढंच की टोक कुठल्या तरी शिरेत आहे. कुठल्या, ते नाही कळत.

वायर खाली वळावी म्हणून करायच्या गोष्टी आहेत. वायरचं टोक इंग्रजी जे अक्षरासारखं वाकलेलं असतं. पाकिटातून काढल्यावर ते एका छोट्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात ओढून सरळ करतात आणि मग सुईत घालतात. सरळ करण्याआधी तो वाक कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवायचं आणि सुईत घालताना तो पायाकडे राहील असं धरायचं. सुईच्या तोंडाचा तिरका काप आधीच पायाकडे फिरवून घ्यायचा. हे शिकवायला अर्धा मिनिट लागतो, आणि तरीही शिकाऊ डॉक्टर निम्म्या वेळा विसरतात, कारण त्या क्षणी सगळं लक्ष सुई हलू नये याकडे असतं. तिसरी गोष्ट मदतनिसाची: वायर जात असताना त्याने कॉलरबोनच्या वर, मानेच्या शिरेवर बोट दाबून धरायचं, म्हणजे वरची वाट बंद. ही युक्ती लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २००२ मध्ये छापली होती. फुकट आहे, मशीन लागत नाही. एकच अडचण, रात्री दोन वाजता मदतनीस म्हणून एकच सिस्टर असते आणि तिचा एक हात नॉरअॅडच्या पंपावर असतो.

हे सगळं करूनही वायर वर जाते. म्हणून मी म्हणतो की वळणं हा मुद्दा नाही.

मग मुळात ती जागाच का निवडली, मानेतून सरळ वाट असताना? हा प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्या भावाने विचारला तो बहुधा हाच. उजव्या मानेतून लाइन सहसा सरळ खाली उतरते, दिशा चुकण्याची शक्यता तिथे सगळ्यात कमी. पण कॉलरबोनखालच्या जागेचे स्वतःचे फायदे आहेत. फ्रान्समध्ये मान, कॉलरबोन आणि जांघ या तीन जागांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. कॉलरबोनखालच्या लाइनमध्ये रक्तातलं इन्फेक्शन आणि शिरेतली गुठळी कमी आढळली, फुफ्फुसाला सुई लागून त्याच्याभोवती हवा भरण्याचं प्रमाण मात्र जास्त. आणखी एक व्यावहारिक कारण: बीपी पडलेल्या, शरीरातलं पाणी कमी झालेल्या माणसाची मानेतली शीर चपटी होते, सापडत नाही. कॉलरबोनखालची शीर आजूबाजूच्या हाडा-पडद्यांना चिकटलेली असते, ती उघडी राहते. धाप लागलेला म्हातारा माणूस डोकं खाली करून मान वळवून पडून राहू शकत नाही, हेही असतं. त्या रात्री यातलं कुठलं कारण होतं ते मला ठाऊक नाही. पण ‘सोपी जागा सोडून अवघड निवडली’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. मी स्वतः हाताशी सोनोग्राफी असेल तर मान निवडतो, नसेल आणि पेशंट कोरडा पडला असेल तर पुष्कळदा कॉलरबोन.

सोनोग्राफीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची एक अडचण सांगतो. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २००२ मध्येच मानेतली लाइन सोनोग्राफीच्या मदतीने घालावी अशी शिफारस केली. आपल्याकडे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, आणि ते नोंदवलेल्या जागेतच वापरावं लागतं. भूलतज्ज्ञाने छोटं मशीन बॅगेत घालून चार हॉस्पिटलं फिरायचं, असं करता येत नाही. कायद्यामागचं कारण महाराष्ट्राला नीट माहीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लहान गावातल्या आयसीयूत रात्री दोनला मशीन खाली कुलुपात आणि चावी रेडिओलॉजिस्टकडे, हे दृश्य आमच्या परिचयाचं आहे. शिवाय सोनोग्राफी सुई शिरेत शिरताना दाखवते. नळीचं टोक पुढे कुठे गेलं हे आपोआप दाखवत नाही. ते मुद्दाम बघावं लागतं. वायर आत असतानाच प्रोब मानेवर ठेवला तर वर गेलेली वायर पांढऱ्या ठिपक्यासारखी तिथल्या तिथे दिसते, आणि डायलेटर घालण्याआधीच ती मागे घेऊन पुन्हा वळवता येते.

आता ते चार तास.

लाइन घातल्यावर एक्स-रे काढणं ही सर्वमान्य रीत आहे. तिला जुनी परंपराही आहे: १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड इथे फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून मूत्रमार्गाची नळी ६५ सेंटिमीटर आत सरकवली आणि तशीच नळी घेऊन चालत एक्स-रेच्या खोलीत गेला, टोक हृदयात पोचलं का ते बघायला. पुढे १९५६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तर मुद्दा असा की टोक कुठे आहे हे बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

पण एक्स-रे येईपर्यंत औषध थांबवायचं का? इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे उत्तर खरोखरच लागू आहे. बीपी ६०-७० पर्यंत घसरलं असेल तर नॉरअॅड चार तास थांबवणं हेच घातक. २०२१ च्या सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर सांगतात की सेंट्रल लाइनची वाट बघत बसू नका, हाताच्या चांगल्या शिरेतून नॉरअॅड सुरू करा. मग मानेतल्या रुंद शिरेत टोक असलेल्या लाइनमधून ते चाललं, यात मला घाबरण्यासारखं वाटत नाही. लाइन शिरेतच आहे याची खात्री मात्र त्यांनी आधी करून घेतलेली हवी. तिच्याकडे पुढे येतो.

‘औषध मेंदूकडे गेलं का’ याचं उत्तर इथेच देतो. नाही. मानेतली ती शीर मेंदूकडून रक्त खाली आणते, वर नेत नाही. नळीचं तोंड वरच्या दिशेला असलं तरी रक्त खालीच वाहतं. संगमाच्या जरा वरच्या अंगाला उपनदीत काही सोडलं तरी ते वाहत संगमाकडेच येतं, तसं. पंपावर तासाला काही मिलिलिटर या वेगाने चाललेलं औषध प्रवाहाविरुद्ध चढत नाही. ते हृदयातच पोचलं, म्हणून तर बीपी वर आलं. तसं ते आलं होतं ना, हे चार्टवर बघा.

त्याच लाइनमधून दुसरं काही दिलं असेल तर मी वेगळा विचार करीन. शिरेतून द्यायचं संपूर्ण पोषण, म्हणजे टीपीएन, ३ टक्के सलाइन, जास्त मात्रेचं पोटॅशियम, अशी दाट द्रावणं मानेच्या शिरेच्या भिंतीला झोंबतात, गुठळी होऊ शकते. ती टोकाची जागा पक्की झाल्यावरच सुरू करावीत. त्या चार तासांत फक्त नॉरअॅड आणि साधं सलाइन होतं की आणखी काही, हे नर्सिंग चार्टवर लिहिलेलं असतं. मी तुमच्या जागी असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

दुसरा प्रश्न: एक्स-रेचा माणूस रात्री नव्हता, हे समजून घेऊ, पण तोवर खाटेपाशी करता येणारी एखादी तपासणी केली होती का? अशा बऱ्याच आहेत. मानेवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवणं हे मघाशी सांगितलं. इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, मशीन असेल तर लाइनमधून सलाइन जोराने सोडून बघतात. टोक जागेवर असेल तर दोनएक सेकंदांत हृदयाच्या उजव्या कप्प्यात बुडबुड्यांची पांढरी उसळी दिसते, उशीर झाला किंवा दिसलीच नाही तर शंका घ्यायची. काहीच मशीन नसेल तर लखनौच्याच मंडळींनी २००१ मध्ये मांडलेली चाचणी आहे: लाइनचा दाब मॉनिटरवर लावून कॉलरबोनच्या वर मानेची शीर दहाएक सेकंद दाबायची. लाइन मानेत असेल तर दाब तीन ते पाच मिलिमीटरने चढतो आणि लाटांची रेघ सपाट होते. ही चाचणी मानेतली लाइन पकडते. पलीकडच्या बाजूला गेलेली पकडत नाही. पेशंट शुद्धीवर असेल तर सगळ्यात सोपं, सलाइन सोडताना त्याला विचारायचं. लाइन मानेत असलेले काही पेशंट स्वतःहून सांगतात, ‘डॉक्टर, कानात पाण्याचा खळखळ आवाज येतोय.’ असं कुणी म्हणालं की मी एक्स-रेची वाट न बघता मानेवर प्रोब ठेवतो.

वायर जातानाही एक खूण मिळते. ती हृदयाला टेकली की मॉनिटरवर एखाद-दुसरा वेडावाकडा ठोका येतो. वीस-बावीस सेंटिमीटर वायर आत गेली आणि एकही ठोका चुकला नाही, तर माझ्या मनात पाल चुकचुकते. पक्का पुरावा नव्हे, पण शंकेला पुरेसं. मुद्दाम ठोका येईपर्यंत वायर ढकलत राहणं मात्र बरं नाही.

यातलं काही केलं नसेल तर तो निष्काळजीपणाच, असं म्हणायला मी तयार नाही. दोन वाजता एकटा डॉक्टर, शेजारी दुसरा पेशंट व्हेंटिलेटरवर, हे मी पाहिलेलं आहे. पण चांगल्या कामात आणि जेमतेम कामात फरक असतो तो इथे असतो.

दिशा चुकण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात. वडिलांचा प्रकार सौम्यातला होता, हे कळावं म्हणून बाकीचेही सांगतो.

सगळ्यात वाईट म्हणजे शिरेऐवजी धमनीत जाणं. मानेत शीर आणि कॅरॉटिड धमनी एकमेकींना लागून असतात. सुई शिरेच्या मागच्या भिंतीतून आरपार जाऊन धमनीत घुसू शकते. निरोगी माणसात लालभडक रक्त उडतं आणि लगेच कळतं. पण बीपी ६०, ऑक्सिजन ८५, अशा माणसाचं धमनीतलं रक्तही काळपट असतं आणि उडत नाही. रंगावर भरवसा ठेवणारा तिथे फसतो. म्हणून डायलेटर घालण्याआधी सुईला किंवा छोट्या कॅन्युलाला दाबाची ट्यूब जोडून बघायचं, किंवा सोनोग्राफीत वायर शिरेतच आहे हे आडवं-उभं दोन्ही बघायचं. धमनीत नुसती सुई गेली तर काढून पाच-दहा मिनिटं दाबून धरलं की बहुतेक वेळा निभावतं. डायलेटर किंवा नळी गेली असेल तर ती उपटून काढायची नाही. तशीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवायचं. घाईने काढली तर मानेत रक्त साठून श्वासनलिका दाबली जाते, नाहीतर पक्षाघात होतो. आणि नॉरअॅड मेंदूकडे जाण्याची तुमची भीती खरी ठरते ती फक्त या प्रकारात. वडिलांचं टोक शिरेत होतं याचा पुरावा दाबाच्या आकड्यात किंवा ब्लड गॅसच्या (रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात सापडेल, तो मागून बघा.

दुसरा गंभीर प्रकार टोक शिरेबाहेर, फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत जाण्याचा. त्यात पोर्टमधून रक्त येत नाही किंवा येता येता थांबतं, आणि सोडलेलं सलाइन छातीत साठत राहतं. डावीकडून घातलेल्या लाइनचं टोक एसव्हीसीच्या भिंतीवर काटकोनात टेकतं, हा तिसरा. त्या दिवशी काहीच होत नाही, पण दिवसेंदिवस घासून भिंत फाटू शकते. म्हणून डावीकडची लाइन आखूड ठेवण्यापेक्षा पुरेशी आत, एसव्हीसीला समांतर होईल एवढी ठेवावी लागते. फार आत जाऊन हृदयाच्या कप्प्यात पोचली तर तिथली भिंत फुटून हृदयाभोवती रक्त साठू शकतं; अमेरिकेच्या एफडीएने १९८९ मध्येच टोक हृदयात ठेवू नका असं बजावलं होतं. एक्स-रेवर आम्ही श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात ती जागा शोधतो, तिला करायना म्हणतात. टोक तिच्या आसपास असलं की समाधान.

आणि एक प्रकार असा, की चूक कुणाचीच नाही. हजारात तीन ते पाच लोकांमध्ये डाव्या बाजूलाही एक वेगळी एसव्हीसी जन्मापासून असते. लाइन बरोबर घातलेली असते आणि एक्स-रेवर ती छातीच्या डाव्या कडेने खाली उतरताना दिसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला घाम फुटतो.

इथवरचं थोडक्यात, तो पुरावा कागदांत आहे असं धरून: वडिलांची लाइन चुकण्याच्या सगळ्यात नेहमीच्या जागी गेली, शिरेतच होती, औषध हृदयात पोचलं, मेंदूला धोका नव्हता. राहतो तो उशिराचा प्रश्न आणि त्या वेळात आणखी काय दिलं हा.

दुसऱ्या किटबद्दल. तुमचा भाऊ म्हणतो, तीच नळी थोडी मागे ओढून परत आत का नाही घातली? कारण नळी बाहेर ओढता येते, आत ढकलता येत नाही. बाहेर राहिलेला भाग चार तास कातडीवर आणि ड्रेसिंगखाली होता, तो आत ढकलणं म्हणजे जंतू रक्तात ढकलणं. हेच पाच मिनिटांत लक्षात आलं असतं, निर्जंतुक कापड अजून पसरलेलं असताना, तर जुन्या नळीतून नवी वायर घालून दिशा बदलता आली असती. सकाळी सहाला नवीन किट उघडणं बरोबरच होतं. बिलात सवलत मागायला हरकत नाही, पुष्कळ हॉस्पिटलं देतात. नियम म्हणून ती मिळते असं नाही.

दुसरी लाइन त्याच, उजव्या बाजूला घातली याचंही मला बरं वाटलं. एका बाजूला प्रयत्न झाल्यावर फिल्म न बघता दुसऱ्या बाजूला सुई घालायची नाही, हा आमच्यातला जुना दंडक. दोन्ही फुफ्फुसांभोवती हवा भरली तर आटोपलंच.

कायद्याबद्दल मी वकील नाही, पण एवढं माहीत असावं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात जी कसोटी मानली ती अशी, की त्या पेशातल्या साधारण कौशल्याच्या माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली का. उपचारात गुंतागुंत झाली एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. तुम्हाला कागद बघायचे असतील तर रीतसर अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत केसपेपर द्यावे लागतात. त्यात लाइन घालण्याची नोंद बघा: वेळ, जागा, किती वेळा सुई घातली, रक्त आणि दाब तपासल्याचा उल्लेख, एक्स-रे कधी सांगितला आणि कधी झाला. दोनला सांगितलेला एक्स-रे सहाला झाला असेल तर तक्रार एक्स-रे विभागाच्या रात्रपाळीबद्दल आहे. सहालाच सांगितला असेल तर डॉक्टरांना विचारा. पण आधी भावाला घरी ठेवा आणि चहाच्या वेळी जाऊन शांतपणे विचारा. आयसीयूच्या दारात ओरडून कुणाला खरं उत्तर मिळालेलं मी पाहिलेलं नाही.

आता पुढचं. मानेची उजवी बाजू, उजवा हात किंवा चेहरा सुजला, मानेत दोरीसारखं कडक आणि दुखरं काही लागलं, तर शिरेत गुठळी आहे का ते बघायला डॉप्लर करायला सांगा. थंडी वाजून ताप आला, विशेषतः लाइनमधून औषध सोडल्यावर, तर लगेच सिस्टरना सांगा. लाइनच्या इन्फेक्शनची ती ठळक खूण आहे. अचानक धाप लागली तर छातीचा एक्स-रे पुन्हा लागेल, कारण फुफ्फुसाभोवती भरलेली हवा कधी कधी एक-दोन दिवसांनीही दिसते. आणि रोजच्या राउंडला विचारत जा, ‘लाइन अजून लागते का?’ वडील तोंडाने खात असतील, नॉरअॅड बंद झालं असेल आणि अँटिबायोटिक हाताच्या शिरेतून देता येत असेल, तर ती निघायला हवी. काढताना त्यांना बसवून ठेवू देऊ नका. आडवं झोपवून, खाटेचं डोक्याकडचं टोक खाली करून, श्वास रोखायला सांगून काढतात, नाहीतर त्या भोकातून शिरेत हवा ओढली जाऊ शकते. नंतर पाच मिनिटं दाबून हवा जाणार नाही असं ड्रेसिंग लावतात, आणि अर्धा तास तरी पडून राहायचं. वडील लगेच उठून बाथरूमला जातो म्हणतील. जाऊ देऊ नका.